विश्लेषण : वजन ‘नॉर्मल’, तरी मधुमेह? पोटावरची चरबी रक्तात नेमके काय सोडते?

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड (माउंजारो) आणि त्याच वर्षी जूनमध्ये सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतीय बाजारात आली. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे अनेक देशी कंपन्या स्वस्त पर्यायांच्या तयारीला लागल्या. साहजिकच ‘किती किलो उतरले?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येऊ लागला आहे. पण भारतीयांच्या बाबतीत वजनकाटा हा फारसा भरवशाचा साक्षीदार नाही. चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे साठली आहे आणि तिथून रक्तात काय सोडते आहे, यावर मधुमेहाचे गणित अधिक अवलंबून असते. या गणितातला एक महत्त्वाचा भाग पुण्यात आणि पुण्याजवळच्या खेड्यांत उलगडला, ही गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही.

चरबी म्हणजे नुसते कोठार नव्हे, हे कधी कळले?

अगदी अलीकडे. १९९०च्या दशकापर्यंत वैद्यकशास्त्र चरबीकडे धान्याच्या कणगीसारखे पाहत होते. उरलेली ऊर्जा भरून ठेवायची, गरज पडली की काढायची, एवढेच तिचे काम समजले जाई.

या समजाला पहिला धक्का उंदरांनी दिला. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये खाणे न थांबवणारे, प्रचंड लठ्ठ उंदीर जन्माला आले. त्यांच्यात एका जनुकाचा दोष होता. पुढे तिथलेच संशोधक डग्लस कोलमन यांनी वेगवेगळ्या जातींच्या उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडून पाहिले. दुसऱ्या उंदराचे रक्त मिळू लागताच या लठ्ठ उंदराने खाणे सोडले. म्हणजे ‘पोट भरले’ असे सांगणारा काही तरी पदार्थ रक्तातून फिरत होता आणि या उंदराकडे तो नव्हता. तो पदार्थ कोणता हे कळायला १९९४ साल उजाडले. रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते जनुक शोधले. त्यातून तयार होणाऱ्या संप्रेरकाला ग्रीक भाषेतील ‘बारीक’ या अर्थाच्या शब्दावरून ‘लेप्टिन’ हे नाव मिळाले. हे संप्रेरक मेंदूत किंवा कुठल्या ग्रंथीत तयार होत नव्हते. ते तयार होत होते चरबीच्या पेशीत, म्हणजे मेदपेशीत. कणगी बोलत होती.

मग लेप्टिन टोचून लठ्ठपणा का गेला नाही?

तशी आशा होती. ॲम्जेन या औषध कंपनीने लेप्टिनचे हक्क मिळवण्यासाठी सुरुवातीलाच दोन कोटी डॉलर मोजले. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांना पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबात जन्मतः लेप्टिन नसलेली, नात्यातली दोन मुले आढळली. त्यांतील आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते. लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर तिची न शमणारी भूक आटोक्यात आली आणि वजन उतरू लागले.

पण असे रुग्ण जगभरात मोजकेच. सर्वसाधारण लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट भरपूर असते. चरबी जितकी जास्त, तितके लेप्टिन जास्त. अडचण अशी, की मेंदू ते ऐकेनासा होतो. शेजारी रोज मोठ्याने गाणी लागत असतील तर काही दिवसांनी ती कानांवर आदळूनही जाणवत नाहीत, तसेच काहीसे. त्यामुळे बाहेरून आणखी लेप्टिन देऊन फारसे हाती लागले नाही.

या कथेचा दुसरा भाग कुठलेही ‘डाएट’ करणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. वजन घटू लागले की लेप्टिन झपाट्याने खाली येते आणि ही घसरण मात्र मेंदूला चटकन ऐकू जाते. तो तिचा अर्थ दुष्काळ असा लावतो. भूक वाढते, शरीर ऊर्जा काटकसरीने वापरू लागते. दोन महिन्यांत आठ किलो उतरवलेल्या माणसाचे वजन वर्षभरात परत येते तेव्हा ‘मनावर ताबा नाही’ हा शेरा मारला जातो. तो बहुतेक वेळा अन्यायाचा असतो.

चरबी आणखी कोणते निरोप पाठवते?

लेप्टिननंतर रांगच लागली. या सगळ्यांना मिळून ‘ॲडिपोकाइन’ म्हणतात. त्यांतील मधुमेहाच्या दृष्टीने सर्वात लक्षवेधी म्हणजे ॲडिपोनेक्टिन. १९९०च्या दशकाच्या मध्यात अमेरिका आणि जपानमधील गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले. रक्तातील त्याचे प्रमाण लेप्टिनच्या सुमारे हजारपट असते. यकृताने साखर बनवणे आवरते घ्यावे, स्नायूंनी चरबी जाळावी, इन्सुलिनचे म्हणणे पेशींनी ऐकावे, यासाठी ते मदत करते असे प्रयोगांतून दिसते. गंमत म्हणजे ते चरबीतून येत असूनही चरबी वाढली की कमी होते, विशेषतः पोटातली वाढली की. दक्षिण आशियाई लोकांमध्ये ते गोऱ्या युरोपीय लोकांपेक्षा कमी आढळते, असे अनेक अभ्यासांनी नोंदवले आहे. अर्थात कमी ॲडिपोनेक्टिन हे इन्सुलिन प्रतिरोधाचे कारण आहे की नुसती खूण, हा वाद मिटलेला नाही. जनुकांवर आधारित अभ्यासांचा कौल यात एकसारखा नाही.

तिसरा निरोप दाहाचा. १९९३ मध्ये हार्वर्डमधील गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पिगेलमन यांनी दाखवले की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून ‘टीएनएफ-अल्फा’ हे दाहकारक प्रथिन बाहेर पडते आणि ते इन्सुलिनच्या कामात खोडा घालते. दहा वर्षांनी आणखी एक गोष्ट कळली. फुगलेल्या मेदपेशींभोवती मॅक्रोफाज नावाच्या संरक्षक पेशी गोळा होतात आणि दाह पेटता ठेवणारी बरीचशी रसायने त्याच सोडतात. पेशी गरजेपेक्षा फुगली की तिला रक्तपुरवठा अपुरा पडतो, काही पेशी मरतात, साफसफाईला आलेल्या पेशी तिथेच ठाण मांडतात. हा दाह तापासारखा जाणवत नाही. वर्षानुवर्षे मंद आचेवर चालतो.

येथे एक सावधगिरी हवी. उंदरात जे दिसते ते माणसात जसेच्या तसे घडते असे नाही. टीएनएफ रोखणारी औषधे माणसांना देऊन पाहिली, पण रक्तशर्करेत म्हणावी तशी सुधारणा झाली नाही. २००१ मध्ये गाजावाजा झालेले ‘रेझिस्टिन’ उंदरात मेदपेशीतून येते, माणसात मुख्यतः मॅक्रोफाजमधून. त्यामुळे एखाद्या संप्रेरकाचे नाव घेऊन ‘ते वाढवणारी पूड’ कोणी विकत असेल, तर ती न घेतलेली बरी.

इन्सुलिन प्रतिरोध म्हणजे काय बिघडते?

जेवणानंतर रक्तात साखर येते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिन तीन ठिकाणी तीन हुकूम देते. स्नायूला : साखर आत घे. यकृताला : नवी साखर बनवणे थांबव. चरबीला : साठा सोडू नकोस. इन्सुलिन प्रतिरोध म्हणजे हे हुकूम नेहमीच्या आवाजात ऐकू न जाणे. मग स्वादुपिंड आवाज चढवते, म्हणजे अधिक इन्सुलिन ओतते. या टप्प्यावर साखरेची तपासणी अगदी स्वच्छ येते, कारण जास्तीच्या इन्सुलिनने किल्ला लढवलेला असतो. ही अवस्था अनेक वर्षे चालू शकते. स्वादुपिंडातील बीटा पेशी थकल्या की साखर वर येते आणि तेव्हा कुठे ‘मधुमेह झाला’ असे निदान होते. खरे तर तोवर बराच काळ लोटलेला असतो.

पोटातलीच चरबी का नडते?

फ्रान्समधील मार्सेचे डॉक्टर जाँ वाग यांनी १९४७ मध्येच लिहून ठेवले होते की चरबी वरच्या धडावर साठणाऱ्यांना मधुमेह आणि धमन्यांचे विकार अधिक होतात, नितंब-मांड्यांवर साठणाऱ्यांना कमी. कित्येक वर्षे त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. २००५ मध्ये ५२ देशांतील सुमारे २७ हजार जणांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने हेच मोठ्या प्रमाणावर दाखवले. हृदयविकाराच्या झटक्याचा अंदाज बांधायला बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर सरस ठरले.

पोटावर दोन थर असतात. एक त्वचेखालचा, चिमटीत धरता येतो तो. दुसरा पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती. तो चिमटीत येत नाही. नुसता हा आतला थर वाढलेला असेल तर पोट मऊ न लागता ताठ, घट्ट लागते. आतल्या चरबीचे रक्त थेट यकृताकडे जाते. तिच्या पेशी साठा सोडायला उतावीळ असतात. इन्सुलिनचा ‘सोडू नकोस’ हा हुकूम त्या कमी मानतात. त्यामुळे मेदाम्ले आणि दाहकारक रसायने यांचा पहिला मारा यकृतावर होतो.

हे स्पष्टीकरण सुटसुटीत आहे, पण पुरेसे नाही. यकृतात पोहोचणाऱ्या मेदाम्लांचा मोठा वाटा त्वचेखालच्या चरबीतूनच येतो, असे मोजमापांतून दिसले आहे. मग आतली चरबी गुन्हेगार की गुन्ह्याची खूण? अलीकडे अनेक संशोधक दुसऱ्या शक्यतेकडे झुकतात. त्यांच्या मते मूळ अडचण त्वचेखालच्या कोठाराची क्षमता संपण्याची आहे. मांड्या, नितंब, त्वचेखालचा थर ही चरबी ठेवण्याची सुरक्षित जागा. ती भरली की माल ओसंडतो आणि जिथे जाऊ नये तिथे जातो : आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात. यकृताच्या आणि स्नायूंच्या पेशींत साचलेली चरबी इन्सुलिनच्या निरोपाची साखळी आतूनच तोडते. सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ असे लिहिलेले असते आणि ‘ते हल्ली सगळ्यांनाच असते’ म्हणून कागद कपाटात जातो, तो खरे तर कोठार ओसंडल्याचा दाखला असतो.

या ओसंडण्याच्या बाजूने तीन पुरावे बोलके आहेत. पहिला, लायपोडिस्ट्रॉफी नावाचा दुर्मीळ आजार. यात माणसाकडे चरबी साठवणारी ऊतीच जवळजवळ नसते. तो दिसायला कमालीचा बारीक, पण त्याला तीव्र इन्सुलिन प्रतिरोध आणि यकृतात चरबी. चरबी नसणे हे इथे आरोग्याचे लक्षण ठरत नाही. दुसरा, पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे जुने औषध. त्याने वजन वाढते, त्वचेखालची चरबी वाढते, ॲडिपोनेक्टिन वाढते आणि तरीही, किंवा त्यामुळेच, इन्सुलिन प्रतिरोध कमी होतो. (त्याच्या दुष्परिणामांची चर्चा वेगळी. २०१३ मध्ये भारतात काही आठवडे त्याची विक्री थांबवण्यात आली होती.) तिसरा, २००४ मधील एक प्रयोग. अमेरिकेत १५ लठ्ठ महिलांच्या पोटावरील त्वचेखालची सुमारे दहा किलो चरबी लायपोसक्शनने काढली. दहा-बारा आठवड्यांनी तपासले तर इन्सुलिन प्रतिरोध, रक्तदाब, दाहाच्या खुणा, काहीच सुधारले नव्हते. पोट सपाट झाले, पण रक्त होते तसेच राहिले.

पुण्यातील संशोधनाने काय दाखवले?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यापुढे १९८०च्या दशकापासून एक कोडे होते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत टाइप-२ मधुमेहाचा रुग्ण वयस्क आणि लठ्ठ. त्यांच्या ओपीडीत येणारे रुग्ण मात्र तुलनेने तरुण आणि पाश्चात्त्य मोजपट्टीने चक्क सडसडीत.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने एक छायाचित्र छापले. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे, एक याज्ञिक आणि दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. स्कॅनमध्ये युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के निघाली, याज्ञिक यांची २१.२ टक्के. एकाच आकड्यामागे दोन अगदी वेगळी शरीरे. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हा ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून ओळखला जातो. विनोदाच्या अंगाने केलेली ही मांडणी जगभरच्या वैद्यकीय वर्गांत दाखवली जाते.

हे वेगळेपण येते कुठून? बैठे काम, बदललेला आहार ही उत्तरे अर्धी आहेत. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर महिलांचा दीर्घ पल्ल्याचा अभ्यास सुरू झाला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे सर्व बाजूंनी लहान होती, पण सारख्या प्रमाणात नव्हे. स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान, तर त्वचेखालची चरबी जवळजवळ राखलेली. ‘बारीक पण चरबीयुक्त’ हे भारतीय शरीराचे वर्णन अशा प्रकारे पाळण्यापर्यंत मागे गेले. पुणे आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना केली तेव्हा वजनाच्या मानाने पुण्याच्या बाळांत इन्सुलिन आणि लेप्टिन दोन्ही अधिक आढळले. ज्या बाळाने अजून एक घास खाल्लेला नाही, त्याचे हे रक्त.

यामागे आईचे पोषण आहे, आणि कदाचित आजीचेही. याच गावांतील मुलांच्या सहाव्या वर्षीच्या तपासणीत असे दिसले, की गरोदरपणी आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते अशा मुलांत इन्सुलिन प्रतिरोध सर्वाधिक होता. शाकाहाराचे प्रमाण मोठे असलेल्या आणि दूध-अंडी परवडत नसलेल्या समाजात ही बाब गंभीर आहे. गरोदर महिलेला फॉलिक ॲसिडची गोळी हक्काने मिळते, बी-१२चा विचार मात्र क्वचितच होतो.

आणखी एक भर घालायला हवी, नाहीतर चित्र एकांगी होईल. प्रत्येक भारतीय मधुमेहींत पोट आणि इन्सुलिन प्रतिरोध हेच मुख्य कारण असते असे नाही. गर्भातच वाढ खुंटलेल्यांच्या बीटा पेशींची ताकद मुळात कमी असू शकते. थोडासा प्रतिरोध आला तरी त्या कोलमडतात. म्हणून खेड्यातील अतिशय काटक, पोट न सुटलेल्या तरुणालाही साखर निघते. त्याला ‘वजन कमी करा’ हा सल्ला देणे निरर्थकच.

आकडे काय सांगतात?

आयसीएमआर-इंडियाबी या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेही १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३.६ कोटी. गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक. बीएमआयनुसार लठ्ठ असलेले २८.६ टक्के (२५.४ कोटी) आणि पोटाच्या घेरानुसार लठ्ठ असलेले ३९.५ टक्के (३५.१ कोटी). या दोन आकड्यांतील फरक जवळजवळ दहा कोटींचा आहे. वजन-उंचीच्या तक्त्यात ‘ठीक’ आणि टेपपुढे ‘ठीक नाही’ अशी किमान एवढी माणसे या देशात आहेत.

आता निकष बदलले आहेत का?

कागदावर बदलले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने केवळ बीएमआयवरून लठ्ठपणाचे निदान करू नये, त्यासोबत कंबरेसारखे किमान एक मोजमाप घ्यावे आणि अवयवांवर परिणाम झाला आहे का ते पाहावे, असे सुचवले. त्याच महिन्यात भारतीय तज्ज्ञांच्या गटानेही सुधारित मार्गदर्शक तत्त्वे मांडली. त्यात २३ पेक्षा अधिक बीएमआय ही सुरुवातीची रेषा ठेवून पोटाचा घेर आणि जोडीचे आजार यांवरून दुसरा, अधिक गंभीर टप्पा ठरवला आहे. भारतीयांसाठी घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी आणि महिलांना ८० सेंमी ही बऱ्याच वर्षांपासून रूढ आहे. सोपा पर्याय म्हणजे घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा.

घेर मोजताना आपल्याकडे हमखास चूक होते. पँटचा नंबर म्हणजे पोटाचा घेर नव्हे. पोट सुटले की पँट खाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षे ३४ च राहतो. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, कपड्यांवरून नव्हे, श्वास सहज सोडून झाल्यावर धरायची. पोट आत ओढून नाही.

तपासण्यांचे काय? लेप्टिन किंवा ॲडिपोनेक्टिन मोजून उपचारात सहसा काही फरक पडत नाही. उपाशीपोटीच्या इन्सुलिनवरून काढला जाणारा ‘होमा-आयआर’ संशोधनात उपयोगी, पण त्याची सर्वमान्य रेषा नाही. वाढलेली ट्रायग्लिसराइड, घटलेले एचडीएल, मानेवर किंवा काखेत काळवंडलेली मखमली कातडी आणि सुटलेले पोट, या स्वस्तातल्या खुणा एकत्र दिसल्या तर बहुतेक वेळा उत्तर मिळालेले असते. मानेवरची ती काळी कातडी मळ समजून घासत बसणारी अनेक मुले-मुली आहेत, म्हणून हे सांगणे आवश्यक.

इंजेक्शने या प्रश्नाचे उत्तर आहेत का?

काहींसाठी नक्कीच. ही औषधे आतड्यातील संप्रेरकांची नक्कल करतात, भूक कमी करतात आणि वजनाबरोबर पोटातील व यकृतातील चरबीही उतरवतात. प्रश्न ती कोणाला मिळणार हा आहे. लठ्ठपणासाठीची मान्यता बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक, अथवा जोडीचा आजार असल्यास २७ किंवा अधिक अशी आहे. १७० सेंमी उंचीच्या माणसासाठी २७ म्हणजे ७८ किलो. याच उंचीचा, ७० किलो वजनाचा, ९८ सेंमी घेराचा आणि फॅटी लिव्हर असलेला कारकून या चौकटीत बसतच नाही. उलट लग्नाआधी पाच किलो उतरवू पाहणारी व्यक्ती पैसे मोजून औषध मिळवू शकते. माउंजारो बाजारात आले तेव्हा आठवड्याच्या एका डोसची किंमत ३,५०० ते ४,३७५ रुपये होती. किमती उतरतील तसा हा विषम वापर वाढण्याची शक्यता अधिक.

दुसरी चिंता स्नायूंची. या औषधांनी उतरलेल्या वजनातला पाव हिस्सा, काही अभ्यासांत एक तृतीयांशाहून अधिक भाग चरबीविरहित ऊतींचा असतो. जेवणानंतरची बहुतांश साखर उचलतो तो स्नायू. ज्या समाजात मुळातच स्नायू कमी आणि चरबी जास्त, तिथे हे नुकसान अधिक महाग पडू शकते. त्यातच औषध थांबवल्यावर वजन परतते. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. परत येते ते स्नायूच्या रूपात येईल, याची हमी कोणी देत नाही. म्हणून इंजेक्शन घेणाऱ्याने प्रथिने आणि वजन उचलण्याचा व्यायाम यांकडे दुर्लक्ष करू नये, असे डॉक्टर बजावतात.

वजन न घटताही फरक पडतो का?

पडतो, आणि याचा उत्तम पुरावा भारतातलाच आहे. चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी बीएमआय २५.८, म्हणजे पाश्चात्त्य नजरेला फारसे लठ्ठ नसलेले लोक. आहारात बदल आणि रोजचे चालणे एवढ्यावर तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास तेवढेच. आणि वजन? ते जवळजवळ हललेच नाही. महिनाभर चालून काटा जागचा हलत नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. व्यायामाने यकृतातली आणि पोटातली चरबी वजन न घटताही कमी होऊ शकते. स्नायू साखर उचलू लागतात. पोटाच्या बैठका काढून मात्र नेमकी पोटाचीच चरबी जात नाही. जाहिरातींतल्या घाम आणणाऱ्या पट्ट्याने तर नाहीच.

सरकारी यंत्रणेत टेप आहे का?

आहे, आणि हे अनेकांना ठाऊक नसते. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशा सेविका घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक अर्ज भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, कुटुंबातील आजार यांच्याबरोबर कंबरेचा घेरही आहे. महिलेचा घेर ८० सेंमीपर्यंत असेल तर शून्य गुण, ९० पर्यंत एक, त्यापुढे दोन. पुरुषांसाठी हीच पट्टी ९० आणि १०० सेंमीची. एकूण गुण चारच्या वर गेले तर तपासणीसाठी प्राधान्याने पाठवायचे. वजनकाट्याचा या गुणांत उल्लेखही नाही. शहरातील महागड्या ‘हेल्थ चेकअप’ पॅकेजमध्ये छापील बीएमआय मिळतो आणि घेराचा रकाना अनेकदा नसतोच, हे लक्षात घेतले तर आशाताईंचा अर्ज अधिक अद्ययावत म्हणावा लागेल.

अडचण अंमलबजावणीची आहे. एका आशाताईकडे साधारण हजार लोकसंख्या आणि कामांची लांबलचक यादी. पुरुष दिवसा घरी नसतात. असले तरी परक्या बाईकडून पोट मोजून घ्यायला तयार होत नाहीत. मग घेर अंदाजाने भरला जाण्याची शक्यता राहते. सुटलेले पोट ‘खात्यापित्या घरचे’ लक्षण मानणाऱ्या समाजात टेप धरणे हेच अवघड काम. शिवाय हा अर्ज सुरू होतो तिसाव्या वर्षी. पुण्याजवळच्या त्या सहा गावांतील बाळांचे मोजमाप जन्माच्या दिवसापासून सुरू झाले होते, आणि त्यांच्यातल्या काहींची साखर विशीच्या आतच वर गेलेली आढळली.